कोरडा वाफा

आधी माझा वाटा सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्या प्रयोगात मी औषध दिले नाही, व्यायाम शिकवला नाही, कोणाला कोणत्या गटात घालायचे हेही ठरवले नाही. मी प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि शेवटी एका निर्णयाला होकार दिला. एवढेच.

निवृत्त माणसाकडे किस्से साठत जातात. कोणी मागत नाही म्हणून ते कमी होत नाहीत, आणि सांगितले म्हणून संपत नाहीत. चार मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, "बाई, तो गोळी चावणाऱ्याचा सांगा ना!" मी सांगते. त्या हसतात. त्यापुढचे मी बहुधा सांगत नाही, कारण तोवर चहा संपलेला असतो. आज चहा नाही, तेव्हा क्रमाने सांगते.

ऐंशीचे दशक सरत आले होते. मुख्याध्यापिकेच्या पदावरून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि पिंप्राळ्यातल्या घरी दुपारचे काय करावे, हा प्रश्न होता. अशात एके दिवशी शरद आला. शरद माझा विद्यार्थी, आता हाडांचा डॉक्टर. जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात बसत असे आणि आठवड्यातून एकदा धुळ्याला जात असे.

"बाई, जुन्या पाठदुखीवर एक ट्रायल करतोय," तो म्हणाला. "रुग्णांना प्रश्न विचारायला माणूस हवाय. दया न दाखवणारा."

"म्हणून माझ्याकडे आलास?"

"बाई, सगळ्या जळगावात दुसरं नाव सुचलं नाही!"

मी ते कौतुक समजले. त्याने अट सांगितली: कोणाला काय मिळते, हे मला कळता कामा नये, कळले तर माझ्या नकळत माझा आवाज बदलेल. उत्तरपत्रिकेवरचे नाव दुमडून मगच ती तपासणारी मी. मला हे समजावण्याची गरज नव्हती. तरी त्याने समजावले आणि मी ऐकून घेतले.

*

पहिले काम अनपेक्षित निघाले. रुग्णांना वाचून दाखवायचा संमतीचा कागद शरदने स्वतः मराठीत लिहिला होता. त्यातले पहिलेच वाक्य असे होते: "सदर रुग्णाचे यादृच्छिक पद्धतीने गटनियुक्तीकरण करण्यात येईल."

मी विचारले, "शरद, याचा अर्थ काय?"

"चिठ्ठी टाकून ठरवू."

"मग तसेच लिही."

"बाई, पण ते शास्त्रीय वाटत नाही."

"ज्याची पाठ दुखते आहे त्याला ते कळले पाहिजे. शास्त्राची पाठ दुखत नाही!"

त्याने लिहिले. त्याने माझे ऐकले याचा मला अभिमान वाटला. त्या कागदातली प्रत्येक ओळ लोकांना समजेल अशी मी करून दिली. ती त्यांना किती पुरती समजली, हे पुढे येईलच.

*

प्रयोगाची रचना अशी होती. पाठदुखीवर दोन उपाय: एक गोळी आणि एक व्यायाम. दोहोंचा थोडा थोडा गुण येतो, हे ठाऊक होते. दोन्ही एकत्र दिले तर काय होते, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. एक अधिक एक दोन होतात, तीन होतात, की एकच राहतो? त्यासाठी चार गट केले होते. पहिल्याला खरी गोळी आणि खरा व्यायाम. दुसऱ्याला खरी गोळी, पण व्यायामाऐवजी नुसते शेकणे. तिसऱ्याला खरा व्यायाम, पण गोळी दिसायला तशीच आणि आत नुसते पीठ. चौथ्याला पीठ आणि शेकणे.

शरदचे वडील शेतकरी. त्यामुळे दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेल्या लोकांना त्याने हे शेतावरून सांगितले.

"असं समजा, चार वाफे आहेत. एकाला पाणी आणि खत दोन्ही. एकाला नुसतं पाणी. एकाला नुसतं खत. आणि चौथ्याला काहीच नाही. तो चौथा नसेल, तर पीक खतानं आलं की मुळात जमीनच चांगली होती, हे कळणार कसं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शरद खूश झाला. तेवढ्यात मागून अहिराणीत एक खणखणीत आवाज आला.

"डॉक्टरसाहेब, बठ्ठं समजनं. आते फक्त एक सांगा. कोरडा वाफा कोन शे?"

हे दगडूआबा. धुळ्याकडच्या एका गावातून केळीच्या कामासाठी रावेरला येऊन राहणाऱ्या टोळीचे मुकादम. बागेत कापलेले घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत आणायचे, हे त्या टोळीचे काम. एकाचीही पाठ धड नव्हती, म्हणून आबांनी सगळ्यांनाच आणले होते.

शरद म्हणाला, "ते मलाही माहीत नाही, आबा."

"आनि बाईस्ले?"

"बाईंनाही नाही."

"मंग कोले माहीत शे?"

"लांब एका कचेरीत यादी आहे. काम संपलं की ते प्रत्येकाला कळवतील."

आबा टोळीकडे वळून म्हणाले, "दखा रे! पीक काढाई ग्यं का मंग सांगतीन!"

व्हरांडा हसला. शरदही हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न योग्य होता आणि उत्तर अपुरे होते.

*

माझे काम ठरलेले असे. "तुमची पाठ किती दुखते? अजिबात नाही म्हणजे शून्य. तुम्हाला कल्पना करता येईल असे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे दहा." रुग्णाने आकडा सांगायचा, मी लिहायचा. कोणाला "अरेरे" म्हणायचे नाही.

जामनेरच्या बाजारसमितीत धान्य पाखडणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. कंबरेत वाकलेल्या त्या पुन्हा सरळ झाल्याच नव्हत्या. मी प्रश्न वाचला. त्यांनी उलट मलाच विचारले.

"बाई, सगळ्यात मोठं म्हणजे कोणतंही धरायचं?"

"कोणतंही."

"पोरगा गेला तेव्हाचं धरायचं?"

मी नियमाप्रमाणे म्हणाले, "तुम्हाला जे सर्वांत मोठे वाटते ते."

"मग ते दहा," त्या म्हणाल्या. "पाठीचं काय, दोन लिहा."

मी दोन लिहिले. त्या उठल्या तेव्हा त्यांना दोघांनी धरून उभे केले.

संध्याकाळी शरदने तो आकडा पाहिला आणि म्हणाला, "बाई, या तर जवळजवळ बऱ्या आहेत. यांना घेता येणार नाही!"

*

आता तो गोळी चावणारा.

आमच्याच कॉलनीतला एक कारकून होता. स्कूटरवरून रोज खड्ड्यांतून जाऊन त्याच्या पाठीचा खुळखुळा झाला होता. त्याला आपण फसवले जाऊ, अशी फार भीती. म्हणून गोळी हातात पडताच त्याने ती माझ्यासमोर कचकन चावली.

"कडू आहे, बाई! खरी आहे!"

दुसऱ्याच आठवड्यात तो ताठ चालू लागला. महिन्याभरात स्कूटरवर बायकोला आणि गॅसचे सिलिंडर, दोन्ही घेऊन जाताना मी त्याला पाहिले. दवाखान्यात पेढे घेऊन आला. "शास्त्र म्हणजे शास्त्र!" असे मोठ्याने म्हणाला.

काम संपल्यावर कचेरीने कळवले. त्याच्या वाट्याला पीठ आले होते आणि शेकणे. पिठाच्या गोळीतही मुद्दाम कडू घातलेले होते.

शरदने त्याला हे फार सौम्यपणे सांगितले. कारकून उठला तो कंबरेवर हात ठेवूनच. दारापर्यंत जाताना तीनदा थांबला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला, "की कुठंतरी दुखतंय!"

मैत्रिणी इथे हसतात. मीही पूर्वी हसत असे. खरे हे, की सांगितल्याने त्याची पाठ पुन्हा गेली, आणि ती नंतर परत आली नाही.

*

टोळी पहिल्यांदा तपासणीला आली, त्या दुपारची गोष्ट. व्हरांड्यात बसून ती जेवत होती. मधोमध केळीच्या पानाचा एक तुकडा ठेवलेला. जेवायला बसताना प्रत्येकाने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्या पानावर ठेवला आणि मगच घास घेतला.

व्यायाम शिकवणारी लता धुळ्याची होती. तिने विचारले, "हे देवाचं का?"

"देव काय करी भाकरनं!" आबा म्हणाले. "हाई उखानं शे. तो एक्स-रेले ग्या ना."

टोळीची रीत तशी होती. जो कामावर आहे, आजारी आहे किंवा लांब आहे, त्याचे पान सर्वांच्या घासांतून भरायचे. त्याला कमी पडू द्यायचे नाही आणि कोणा एकावर त्याचा भार टाकायचा नाही.

उखा आला. पस्तिशीचा असेल, उंच, पण उभा राहिला की एका बाजूला कललेला. पानावर एकाने ठेचा ठेवलेला होता. त्याने तो बाजूला सारला आणि पिशवीतून दुधाची बाटली काढली.

टोळी ओरडली, "उना रे दूधपित्या!"

त्याचा मेहुणा वना सर्वांत जास्त चिडवीत असे. "दाजी, मनी बहीणनं नशीब फुटनं! खान्देशना मानूस आनि दूध-भाकर!"

उखा हसून म्हणाला, "पोटमा आग पडस, भो. तुनी बहीण बठ्ठी कुरापत पोटमाच करस!"

शरदने ते बोलणे ऐकले आणि उखाला आत बोलावले. पोटाची तपासणी झाली. जुना व्रण निघाला.

*

उखाला ट्रायलमध्ये घेता येणार नाही, हे शरदने त्याच दिवशी सांगितले. ती गोळी पाठीला चांगली, पण ज्याच्या पोटात व्रण आहे त्याच्या पोटातून रक्त काढते. मी तिथे होते. शरदने ते एकदा उखाला, एकदा आबांना आणि एकदा उखाच्या बायकोला, सोनाबाईला, सांगितले. पोटाचे औषध दिले आणि पाठीसाठी एकच उपाय सांगितला: सहा महिने ओझे उचलायचे नाही.

सोनाबाईने विचारले, "सहा महिना? मंग घड काय चालत चालत ट्रकमा जाईसन बठतीन?"

शरद म्हणाला, "दुसरं काही काम..."

आबांनी त्याला थांबवले. "डॉक्टरसाहेब, आमनी टोयी आखाजीले बांधाई जास. आखाजीले जो घड उचली, तो टोयीमा. नही उचली, तो घर. मना बाप मुकादम व्हता तवयपासून हाई रीत शे. मी मोडसू ते उद्या कोनीच ऐकाव नही."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात कामकऱ्यांचे वर्ष तिथे संपते आणि तिथेच सुरू होते. ती काही महिन्यांवर होती. उखाची टोळीतली जागा तेवढेच महिने त्याची होती, आणि त्याच्याकडे दुसरे काहीच नव्हते.

टोळीतल्या बाकी सर्वांच्या नावाने चिठ्ठ्या पडल्या. कोणाला कोणती गोळी मिळाली, ते कोणालाच कळले नाही. उखाच्या नावाने चिठ्ठीच नव्हती. तो चारांपैकी कोणत्याच वाफ्यात नव्हता.

*

त्यानंतर टोळीसारखे आज्ञाधारक रुग्ण आम्ही पाहिले नाहीत. गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या करून आणत. वेळेवर येत. लता म्हणे, "बाई, बघा! शिकलेल्यांपेक्षा हे बरे."

पण मी आकडे घेत होते. पहिला म्हणाला, पाच. दुसरा म्हणाला, पाच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे पाच!

मी लेखणी खाली ठेवली. शाळेत एका रांगेतल्या सगळ्या मुलांचे गणित एकाच पायरीवर चुकले, की मला जे कळत असे, ते कळले.

"हे कोणी सांगितले?"

वना सरळ म्हणाला, "आबानी सांगेल शे. बठ्ठास्नी पाचच सांगानं."

मी आबांना बोलावले. ते जराही ओशाळले नाहीत. "बाई, एखादानं कमी सांगं आनि दुसरानं जास्त, ते तुम्ही एकनी गोयी बंद करशात. मंग टोयीमा फूट पडस."

मी शेरा लिहिला: "उत्तरे ठरवून दिलेली आहेत." शरदने टोळीला बसवून पुन्हा सगळे समजावले. ज्याला जेवढे दुखते तेवढेच सांगायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या खेपेला उत्तरे आली ती अशी: चार, सहा, चार, सहा, चार, सहा.

*

तेव्हा शरद म्हणाला, "बाई, तुम्ही आणि लता रावेरला जाऊन या."

आम्ही एस.टी.ने गेलो. सकाळची वेळ, केळी भरण्याच्या आवारात ट्रक उभा. घड अजून यायचे होते. ट्रकच्या सावलीत केळीची पाने अंथरून सगळी टोळी उताणी पडली होती आणि एका ठेक्यात गुडघे छातीशी घेत होती. लताने शिकवलेला व्यायाम! ज्यांना शिकवला होता तेही, आणि ज्यांना नुसते शेकायला सांगितले होते तेही. मधोमध उखा.

आबा अभिमानाने उठून बसले.

"बाई, आमनामा कोरडा वाफा कोनीच नही. बठ्ठास्ले पानी पोचाडं!"

तेवढ्यात उखा उभा राहिला. सरळ उभा राहिला. म्हणाला, "बाई, दखा!" बागेतून पहिला ट्रॅक्टर आला होता. त्याने त्यातला एक भरलेला घड खांद्यावर घेतला, ट्रकपर्यंत चालत गेला आणि वर दिला. टोळी ओरडली. वना नाचला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. सोनाबाई कापडाची चुंबळ हातात धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. आखाजीला आता दोनच महिने उरले होते.

मी विचारले, "उखा, तू काय घेतोस?"

त्याने कनवटीची तपकिरीची डबी काढून उघडली. आत गोळ्या होत्या. सगळ्या दिसायला सारख्या.

"बठ्ठा देतस, बाई. एक एक."

जसे पान भरायचे, तशी डबी भरली होती. रोज प्रत्येकाने आपल्यातला वाटा काढून ठेवलेला. शरदने गोळी उखाला देऊ नका म्हणून सांगितले होते. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की दवाखान्याच्या गोळ्यांत उखाचा वाटा बसत नाही. मग तो टोळीच्या वाट्यातून द्यायचा.

मी डबी काढून घेतली. "पोटात दुखते का?"

"थोडंसं. पन पाठ दखा ना, बाई!"

सोनाबाई हळूच म्हणाली, "दोन दिन व्हयनात, यास्ले काये व्हई राह्यनं. परसाकडे."

लता परिचारिकेचे काम करून आलेली. परसाकडे काळे होते म्हणजे पोटात रक्त वाहते आहे, हे तिला कळले. "बाई, याला आत्ताच जळगावला न्यायला हवं."

उखा हसला. "आते कसाले? आते ते बरा व्हयनू!"

*

भरता भरता थांबवलेल्या त्याच ट्रकमध्ये आम्ही निघालो. उखा, सोनाबाई आणि मी पुढे. लता, वना आणि आबा मागे घडांवर. वाटेत उखा मला म्हणाला, "बाई, आज आकडा इचारा ना."

मी विचारला.

"शून्य," तो म्हणाला. "पाठनं शून्य लिखा."

भुसावळच्या अलीकडे त्याला रक्ताची उलटी झाली. सोनाबाईने चुंबळीचे कापड पुढे धरले. ते पुरले नाही.

लताने निघताना फोन केला होता; शरद दवाखान्याच्या दारात उभा होता. पुढे जे करायचे ते त्याने सगळे केले. वनाने रक्त दिले, आबांनी दिले, टोळीतले मागून एस.टी.ने आलेलेही दंड उघडे करून रांगेत बसले. सारे आपला वाटा द्यायला तयार होते. त्यातल्या थोड्यांचेच जुळले.

उखा गेला तेव्हा सोनाबाईने मला एकच विचारले. "बाई, त्यास्नी तुमले शून्य सांगं व्हतं ना? ते लिखं का तुम्ही?"

तो ट्रायलमध्ये नव्हता. त्याच्या नावाचा कागदच नव्हता. मी "लिहिले" म्हणाले, आणि घरी येऊन लिहिले.

*

अहवालातून टोळीचे सगळे आकडे काढून टाकले गेले. सर्वांना सगळे मिळाले, तर कशाने काय झाले हे कळायला मार्ग नाही. अहवालात त्यांच्याबद्दल एक वाक्य राहिले: "काही रुग्णांनी सूचनांचे पालन केले नाही." शरदने ते मला तपासायला दिले. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याचे मी मान्य केले. दुसरे काही मान्य केले नाही.

मग कचेरीतून यादी आली. खरी गोळी कोणाची आणि पिठाची कोणाची, हे आता प्रत्येकाला कळवायचे होते. कारकुनाला कळवले, इतरांना कळवले. टोळीचे राहिले.

शरद म्हणाला, "बाई, कागदावर आपणच लिहिलंय, की शेवटी प्रत्येकाला सांगू. त्यांचा हक्क आहे तो. पण मी एकटा जाऊ शकत नाही."

आखाजीच्या दिवशी आम्ही तिघे धुळ्याहून त्यांच्या गावी गेलो. ज्या घरात वर्षात कोणी गेलेले असते, तिथे त्या दिवशी त्याच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. उखाच्या ओट्याजवळ नवी घागर होती, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी. टोळी भिंतीला टेकून बसली होती. त्या वर्षी आबांनी घड उचलायची परीक्षा घेतलीच नव्हती.

शरदने उभे राहून सांगितले, की नावे आली आहेत.

वना लगेच म्हणाला, "माले सांगाच. मी दोन्ही टाईमनी गोयी दाजीले दिधी. मनी पाठनं मी दखं नही. मनी गोयी खरी व्हती का खोटी, माले समजनं पाहिजे."

आबांनी विचारले, "समजीसन काय करशी?"

"खरी व्हई, ते मी मनी बहीणले तोंड नही दाखाडसू."

"आनि खोटी व्हई ते? मंग आमनामा दुसरा कोनी तरी खरी व्हई. त्यानाकडे दखशी का जलमभर?"

भिंतीला टेकलेल्यांपैकी एकजण दुसऱ्याकडे पाहू लागला होता. मी शाळेत हे पाहिले आहे. वर्गातल्या एकाचे नाव फळ्यावर लिहिण्यापूर्वी वर्ग असाच पाहतो.

सोनाबाई घागरीजवळून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "त्या दिन त्यास्नी घड उचला, ते तुम्ही बठ्ठा नाचनात. तवय कोनी इचारं का, गोयी कोननी शे?"

तिने घागरीवरचे खरबूज सरळ केले.

"नको सांगा, डॉक्टरभाऊ. माले नको, आनि यास्ले बी नको."

शरदने माझ्याकडे पाहिले. त्या यादीत काय आहे, हे आम्हा तिघांपैकी फक्त त्याला ठाऊक होते.

तेव्हा ठरले ते असे. टोळीपैकी कोणालाही, कधीही, कोणत्या गोळ्या होत्या हे सांगायचे नाही. कोणी एकट्याने येऊन विचारले तरी नाही. उखाची टोळीतली जागा एक वर्ष भरायची नाही, आणि तिचा वाटा सोनाबाईकडे जाईल. शरदने मान्य केले. लताने केले, मी केले. आबांनी केले, आणि मग भिंतीपासून एकेक करून सगळ्यांनी "हा" म्हटले. वना म्हणाला नाही.

पाने मांडली गेली. मधोमध केळीच्या पानाचा तुकडा ठेवला गेला. प्रत्येकाने आपल्या सांजोरीचा कोपरा मोडून त्यावर ठेवला. शरदने ठेवला. मी ठेवला. वनाने आपल्या पानातले मिरचीचे भजे उचलून ठेवले.

सोनाबाई वाढता वाढता थांबली.

"वना," ती म्हणाली, "त्यास्ले तिखट चालस नही."

वनाने भजे परत घेतले आणि सांजोरीचा कोपरा मोडला.